मेलॅनोमा जांघेतल्या गाठींपर्यंत पोचल्यावर: शस्त्रक्रियेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलॅनोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे तो फारसा दिसत नाही. जो दिसतो तो बऱ्याचदा तळपायावर, टाचेवर किंवा अंगठ्याच्या नखाखाली असतो. कुरूप समजून ब्लेडने खरवडलेला, नाहीतर दाराला ठेचून नख काळं पडलंय म्हणून महिनोन्‌महिने सोडून दिलेला. तिथून तो लसिकावाहिन्यांतून, म्हणजे लसिका (लिम्फ) हा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांतून, वर सरकतो आणि त्यांच्या वाटेवरच्या जांघेतल्या ग्रंथींत अडकतो. खालचे प्रश्न अशा रुग्णांचे आणि त्यांच्या घरच्यांचे आहेत. गाठ काखेत किंवा मानेत असेल तरी मूळ विचार हाच, फक्त ऑपरेशनचे तपशील बदलतात.

जांघेत गाठ लागते आहे. म्हणजे कॅन्सर पसरलाच का?

तसं लगेच धरू नका. पायाला जखम असली की जांघेत अवधाण येतं हे गावात कुणालाही ठाऊक असतं, आणि तळपायावरचा मेलॅनोमा फुटून चिघळला असेल तर तिथल्या जंतुसंसर्गानेही गाठी सुजतात. अशी गाठ बहुधा दुखरी, मऊसर आणि हलणारी असते. कॅन्सरची गाठ टणक असते, दुखत नाही आणि वाढत जाते. पण नुसत्या बोटांच्या अंदाजावर हा निवाडा कुणी करू नये, डॉक्टरनेही नाही. सोनोग्राफीत बघून सुईने तपासणी करून घ्या.

सुई घातल्याने कॅन्सर पसरतो म्हणतात. त्यापेक्षा गाठच कापून तपासली तर?

उलट आहे. बारीक सुईने पेशी काढल्याने आजार पसरत नाही. सोनोग्राफीखाली केलेली ही तपासणी काही मिनिटांत आटोपते. उपचार ठरवण्यासाठी ऊतीचा जरा मोठा तुकडा लागला तर जाड सुईने बायोप्सी करतात.

घोटाळा होतो तो गाठ बेंड समजून चीर दिल्यावर, किंवा "छोटीशी गाठ आहे, भूल देऊन काढून टाकू" म्हणत अर्धवट काढल्यावर. गाठीचं आवरण फुटलं की पेशी आजूबाजूच्या चरबीत सांडतात आणि पुढच्या सर्जनला ती चीर, तो व्रण, भोवतालची कातडी असं सगळंच काढावं लागतं. असं आधीच झालं असेल तर लपवू नका. चीर कुठे दिली होती ते दाखवा.

गाठ हाताला लागत नाही, सोनोग्राफीही साफ आहे. तरी 'सेंटिनल नोड' काढायचा सल्ला का?

मिलिमीटरच्या अंशाएवढा पेशींचा पुंजका सोनोग्राफीत दिसत नाही, पेट-सीटीतही नाही. तो सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतो. पाटाचं पाणी आधी ज्या वाफ्यात शिरतं तो वाफा ओला झालाय का हे बघितलं की पुढच्या वाफ्यांचा अंदाज येतो. सेंटिनल नोड म्हणजे लसिकामार्गावरची तशी पहिली ग्रंथी. कधी ती एक असते, कधी दोन-तीन.

ही पद्धत कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड मॉर्टन या सर्जनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. मूळ डागाभोवती टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य अगदी थोड्या मात्रेत टोचतात आणि स्कॅनवर ते कुठे जमतं ते बघतात. ऑपरेशन टेबलवर निळा रंगही टोचतात. मग किरणोत्सार टिपणारा गॅमा प्रोब जिथे जोराने वाजतो किंवा जी गाठ निळी दिसते ती काढायची. दुसऱ्या दिवशी लघवी निळी-हिरवी झाली तर घाबरू नका, तो रंगच बाहेर पडत असतो.

टाचेच्या मागच्या आणि बाहेरच्या भागातला निचरा कधीकधी गुडघ्यामागच्या लवणीतल्या ग्रंथीकडे जातो. स्कॅन न करता थेट जांघ उघडली तर नेमकी तीच गाठ राहून जाते. म्हणून आधी स्कॅन, मग चाकू.

डागाची जाडी १ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर हा सल्ला सहसा दिला जातो. ०.८ ते १ मिलिमीटर असेल किंवा पातळ डागावर व्रण (फुटून झालेली जखम) असेल तर चर्चा करून ठरवतात. मूळ डागाची मोठी शस्त्रक्रिया आणि हा तपास एकाच वेळी होणं चांगलं. डाग आधी रुंद कापून तिथे कातडी लावली की लसिकेचे मूळ रस्ते बिघडतात आणि नंतरचा तपास तितका भरवशाचा राहत नाही.

सेंटिनल नोडमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडल्या. आता जांघेतल्या सगळ्या गाठी काढायच्या ना?

आता बहुतेक रुग्णांत नाही. या उत्तरावर नातेवाइकांचा पटकन विश्वास बसत नाही, आणि ते साहजिक आहे. "घाण आहे तर सगळी काढा" हा विचार सर्जनांनीही शंभर वर्षांहून जास्त केला. लंडनच्या हर्बर्ट स्नोने १८९२ मध्येच मेलॅनोमात ग्रंथी आधीच काढून टाकाव्यात असं मांडलं होतं. पुढे सेंटिनल नोडची पद्धत आल्यावरही तो पॉझिटिव्ह आला की पूर्ण सफाई, म्हणजे कम्प्लीशन डिसेक्शन, हा नेमच होता.

तो मोडला दोन चाचण्यांनी. जर्मनीतल्या डीकॉग चाचणीचे निकाल २०१६ मध्ये आले. एमएसएलटी-२ ही त्याहून मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात १,९०० हून अधिक रुग्ण होते. सेंटिनल नोड पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्यांच्या सगळ्या गाठी लगेच काढल्या, उरलेल्यांवर सोनोग्राफीने लक्ष ठेवलं आणि गाठ उगवली तरच ऑपरेशन केलं. तीन वर्षांनी मेलॅनोमाने न दगावलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ८६ टक्के होतं. पूर्ण सफाई केलेल्यांत हात किंवा पाय सुजण्याचा त्रास २४.१ टक्के लोकांना झाला, लक्ष ठेवलेल्या गटात ६.३ टक्क्यांना.

सफाईचा काहीच फायदा नव्हता असंही नाही. तीन वर्षांपर्यंत ग्रंथींच्या भागात आजार आटोक्यात राहिलेले रुग्ण सफाईच्या गटात ९२ टक्के होते, दुसऱ्या गटात ७७ टक्के. म्हणजे लक्ष ठेवलेल्या काही जणांना पुढे ऑपरेशन करावं लागतंच. पण थांबल्याने आयुष्य कमी झालेलं दिसलं नाही, आणि बाकीच्यांचा पाय वाचला.

माझं मत विचाराल तर, पुन्हा पुन्हा सोनोग्राफीला येणं ज्याला खरंच शक्य नाही, किंवा ज्याच्या सेंटिनल नोडमध्ये कॅन्सर गाठीचं आवरण फोडून बाहेर आलेला आहे, अशा रुग्णाशी सफाईबद्दल वेगळं बोलावं. अशी आवरण फोडलेली गाठ असणारे रुग्ण त्या चाचण्यांत सहसा घेतलेच नव्हते.

लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय?

एमएसएलटी-२ मध्ये पहिली दोन वर्षं दर चार महिन्यांनी, पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासणी होती. सोनोग्राफी ज्या भागातला सेंटिनल नोड काढला त्याच भागाची करायची, "पोटाची सोनोग्राफी" करून चालत नाही. चिठ्ठीवर "उजवी जांघ, लसिका ग्रंथी" असं स्पष्ट लिहून घ्या. मेलॅनोमाची गाठ सोनोग्राफीत काय बघून ओळखायची हे रोज बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे जाणं उत्तम. जमलं तर दर वेळी त्याच जागी जा, जुना रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करता येते.

आमच्या वडिलांची गाठ लिंबाएवढी आहे. डॉक्टर म्हणतात, आधी इंजेक्शनं, मग ऑपरेशन. एवढी गाठ अंगात ठेवून कसं थांबायचं?

गाठ हाताला लागते किंवा स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते, आणि आजार पुढे फुप्फुस-यकृतात गेलेला नाही, अशा रुग्णांबद्दलचा हा प्रश्न आहे. इथे गाठी काढाव्याच लागतात. बदललाय तो क्रम.

ही इंजेक्शनं म्हणजे इम्युनोथेरपीची औषधं. ती कॅन्सरला थेट मारत नाहीत. रोगप्रतिकारक पेशींवरचा आवर ती काढून घेतात. गाठ शरीरात असते तेव्हा या पेशींना ओळखण्यासाठी, वाढण्यासाठी भरपूर लक्ष्य समोर असतं. गाठ काढल्यावर तेच औषध दिलं तर शिकायला उरतं फारच थोडं. हा तर्क होता. तो चाचणीत उतरला का, हा खरा प्रश्न.

उतरला. अमेरिकेतल्या एस१८०१ चाचणीत ३१३ रुग्ण होते. एका गटाला पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचे १८ डोस ऑपरेशननंतर मिळायचे. दुसऱ्या गटाला तेच औषध, तेवढेच डोस, पण तीन आधी आणि १५ नंतर. औषध एकच, फरक फक्त वेळेचा. २०२३ मध्ये निकाल आला. आजार न वाढता, न उलटता दोन वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण आधी औषध घेणाऱ्यांत ७२ टक्के आणि नंतर घेणाऱ्यांत ४९ टक्के.

पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या ख्रिश्चन ब्लँक यांच्या पुढाकाराने झालेल्या नाडिना चाचणीचा निकाल आला. तिथे ४२३ रुग्ण होते. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब ही दोन औषधं एकत्र, ऑपरेशनआधी फक्त दोनदा. एक वर्षानंतर आजार मागे न लागलेले ८३.७ टक्के. आधी ऑपरेशन आणि मग निव्होलुमॅब या जुन्या क्रमात ते ५७.२ टक्के होते. आधी औषध घेतलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्णांच्या काढलेल्या गाठीत जिवंत कॅन्सर दहा टक्के किंवा त्याहून कमी उरला होता. त्यांना नंतर आणखी औषध दिलंच नाही.

तेव्हा हाताला लागणारी गाठ ठेवून सहा ते नऊ आठवडे थांबणं म्हणजे वेळ दवडणं नाही. त्या काळात औषध काम करत असतं, आणि ते करतंय की नाही हेही काढलेल्या गाठीतून कळतं. मात्र "आधी ऑपरेशन करून टाकू, मग बघू" असं कुणी म्हणालं तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी "औषध आधी का नको?" हे विचाराच. त्याचं पटणारं उत्तर असू शकतं. रुग्णाला संधिवातासारखा प्रतिकारशक्तीचाच आजार आहे, अवयव प्रत्यारोपण झालंय, किंवा गाठ फुटून रक्त वाहतंय. "आमच्याकडे असंच करतात" हे उत्तर पुरेसं नाही.

औषधाने गाठ विरघळली तर ऑपरेशन कशाला?

स्कॅनवर लहान दिसणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली साफ असणं यांत बरंच अंतर असतं. कधी उलटही होतं. स्कॅनवर गाठ तेवढीच दिसते आणि आत सगळी मेलेली ऊती निघते. त्यामुळे निदान ती मूळची गाठ तरी काढून बघावी लागते.

प्राडो या ९९ रुग्णांच्या अभ्यासात सुरुवातीलाच सर्वांत मोठ्या गाठीवर खूण म्हणून छोटी क्लिप बसवली. औषधानंतर फक्त ती एक गाठ काढली. ती जवळपास साफ निघाली तर उरलेली सफाई टाळली. सुमारे ६० टक्के रुग्ण यात बसले आणि त्यांचा पुढचा प्रवास चांगला राहिला. हा मार्ग आशादायक आहे, पण अजून सगळीकडचा नियम नाही. पूर्ण सफाई हाच आजचा पाया धरतात.

हे आकडे गोऱ्या लोकांचे. आपल्या तळपायाच्या मेलॅनोमाला लागू पडतात का?

प्रश्न अगदी योग्य आहे. या चाचण्या मुख्यतः ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिकेतल्या. तिथला मेलॅनोमा बहुतांशी उन्हाने होणारा, आणि उन्हाने बिघडलेल्या पेशींत जनुकीय बदल भरपूर असल्याने प्रतिकारशक्तीला त्या ओळखायला सोप्या जातात. तळपायाच्या आणि नखाखालच्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध नाही. इम्युनोथेरपीला तो प्रतिसाद देतो, पण कमी. बीआरएएफ जनुकातला बदलही त्याच्यात कमी सापडतो, केआयटीमधला तुलनेने जास्त. म्हणून दोन्ही तपासण्या मागून घ्या. बीआरएएफ पॉझिटिव्ह असेल तर ऑपरेशननंतर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांचा पर्याय असतो.

क्रम तोच राहतो. पण टक्केवारी जशीच्या तशी स्वतःला लावू नका.

इंजेक्शनांमुळे ऑपरेशन लांबू शकतं का?

क्वचित. बेभान झालेली प्रतिकारशक्ती आतडं, थायरॉइड, यकृत, फुप्फुस किंवा मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीवर हल्ला करते. दिवसातून चार-पाचदा जुलाब होऊ लागले तर मेडिकलमधून गोळी आणून थांबवू नका, त्याच दिवशी कॅन्सर विभागाला फोन करा. ऑपरेशनआधी थायरॉइड आणि कॉर्टिसोल (शरीराला ताण झेलायला लागणारं संप्रेरक) बघितलंय का हे भूलतज्ज्ञांना आठवणीने विचारा. कॉर्टिसोल कमी असताना दिलेली भूल धोक्याची ठरू शकते.

जांघेच्या ऑपरेशनमध्ये काय काय काढतात?

जांघेच्या घडीखाली मांडीच्या वरच्या भागात एक त्रिकोणी जागा असते. तिथली सगळी चरबी आणि तिच्यात दडलेल्या ग्रंथी एकसंध काढतात. गाठी एकेक वेचून काढत नाहीत. पायाची मुख्य धमनी आणि शीर याच जागेतून जातात, त्या उघड्या पडतात. वरची कातडी पातळ झालेली असते, म्हणून शेजारचा सार्टोरियस स्नायू वळवून रक्तवाहिन्यांवर पांघरतात. जखम उसवली तरी त्या झाकलेल्या राहाव्यात हा हेतू. सॅफेनस ही कातडीखालची शीर वाचवता आली तर बरेच सर्जन वाचवतात.

ओटीपोटातल्या, म्हणजे इलियाक आणि ऑब्ट्युरेटर, ग्रंथी प्रत्येकाच्या काढत नाहीत. स्कॅनवर तिथे आजार दिसला तर नक्की. जांघेतल्याच बऱ्याच गाठी पॉझिटिव्ह असतील तर विचार होतो.

काखेत तिन्ही पातळ्यांवरच्या ग्रंथी काढतात. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो आणि बऱ्याचदा राहतो. मानेत खांदा उचलणारी नस जपणं महत्त्वाचं.

नळी लावून घरी पाठवतात. ती कधी निघते?

नळीची, म्हणजे ड्रेनची, धास्ती ऑपरेशनपेक्षा जास्त असते असं दिसतं. जांघेत ती दोन-तीन आठवडे राहू शकते, कधी त्याहून जास्त. बाटली सहसा घडीची, दाबून हवा काढायची असते. रोज ठरलेल्या वेळी हात धुऊन बूच उघडा, द्रव खुणा असलेल्या मापात ओता, किती मिलिलिटर ते वहीत लिहा, बाटली पूर्ण दाबा आणि दाबलेलीच ठेवून बूच लावा. बाटली फुगलेली राहिली तर ती काही ओढत नाही. रंग लालसर, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरपेक्षा कमी, असं लागोपाठ दोन दिवस आलं की नळी काढतात. काही ठिकाणी ५० ची मर्यादा धरतात. वही नसेल तर सर्जन अंदाजाने काढेल, आणि मग पाणी साठून पुन्हा सुईने ओढावं लागेल.

जांघेची जखम काखेपेक्षा जास्त त्रास देते. टाक्यांची कड काळी पडते, थोडी उसवते, जंतुसंसर्ग होतो. मधुमेह असेल, वजन जास्त असेल, तंबाखू चालू असेल तर ही शक्यता आणखी वाढते. टाके पक्के होईपर्यंत उकिडवं बसू नका, मांडी घालू नका. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा. हे शेवटच्या दिवशी आठवतं आणि मग धावपळ होते. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर टोचायची इंजेक्शनं देतात, ती घरी गेल्यावरही सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्या.

पाय कायमचा सुजेल का?

प्रत्येकाचा नाही, पण जांघेच्या सफाईनंतर ही शक्यता चांगलीच असते. ओटीपोटातल्या गाठीही काढल्या किंवा वर रेडिएशन दिलं तर आणखी वाढते. सूज कधी महिन्याभरात येते, कधी दोन वर्षांनी.

दाबाचा मोजा मापाचा शिवून किंवा माप घेऊन आणा. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधीच तो चढवायचा, सूज उतरल्यावर. टाचेच्या भेगांना रोज व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. शेतात अनवाणी जाऊ नका, चिखलात गमबूट घाला. हुडहुडी भरून ताप आला आणि पाय लाल, गरम झाला तर त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. असा प्रत्येक झटका सूज वाढवून जातो.

नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत हत्तीरोग आहे. तिथे सुजलेला पाय दिसला की हत्तीपायाच्या गोळ्या दिल्या जाण्याची शक्यता असते. गाठी काढल्यामुळे आलेल्या सुजेवर त्यांचा उपयोग नाही. जांघेतला व्रण दाखवा आणि ऑपरेशन कशाचं झालं ते सांगा.

ऑपरेशननंतर रेडिएशन लागेल का?

फार थोड्यांना. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत रेडिएशनने त्या जागी गाठ पुन्हा येणं कमी झालं, आयुष्य वाढलं नाही, पायाची सूज मात्र वाढली. आता चांगली औषधं असल्याने ते मागे पडलंय.

गाठी नाहीत, पण पिंडरीवर छोट्या काळ्या पुळ्या उठल्यात.

हा लसिकेच्या वाटेतच थबकलेला आजार, इन-ट्रान्झिट. गाठींपर्यंत पोचलेल्या आजारासारखा तोही तिसऱ्या टप्प्यातच (स्टेज तीन) मोजतात. एक-दोन पुळ्या असतील तर कापून काढता येतात, पण नव्या येत राहिल्या तर चाकूने त्यांचा पाठलाग करण्यात अर्थ नाही, औषध हवं. त्यासाठी पाय कापण्याची गरज आज जवळजवळ कधीच पडत नाही.

तिसरा टप्पा म्हणजे किती वर्षं?

हा एक टप्पा नाही, चार आहेत. कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या एजेसीसी या अमेरिकी समितीच्या, २०१८ पासून वापरात असलेल्या आठव्या आवृत्तीच्या वर्गीकरणात पाच वर्षांनी मेलॅनोमाने न दगावलेल्यांचं प्रमाण तीन-एमध्ये ९३ टक्के, तीन-बीमध्ये ८३, तीन-सीमध्ये ६९ आणि तीन-डीमध्ये ३२ टक्के आहे. मूळ डागाची जाडी, त्यावरचा व्रण, किती गाठी आणि त्या हाताला लागत होत्या की सूक्ष्मदर्शकातच दिसल्या, यावरून उपटप्पा ठरतो. हे आकडे प्रामुख्याने आजच्या औषधांपूर्वीच्या रुग्णांचे आहेत. रिपोर्टवर नुसतं "स्टेज तीन" लिहिलं असेल तर पुढचं अक्षर विचारून घ्या.

खर्चाचं काय?

ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसू शकतो. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधीच जा, भरती झाल्यावर नको. इम्युनोथेरपी मात्र महाग आहे, पूर्ण कोर्स लाखांत जातो. आधी औषध देण्याच्या नव्या क्रमाचा एक व्यवहारी फायदा इथे आहे: ऐपत तीन डोसांचीच असेल तर ते ऑपरेशनच्या आधी घ्यायचे की नंतर, हा प्रश्न डॉक्टरांसमोर उघडपणे मांडता येतो. उपलब्ध पुरावा आधीच्या बाजूने झुकतो, जरी तीनच डोसांवर थांबण्याची चाचणी एस१८०१ ने केलेली नाही. औषध कंपन्यांच्या रुग्णसहाय्य योजना आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचीही चौकशी करा.

दुसरं मत घ्यायला परळच्या टाटाला किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात जायचंय. काय न्यायचं?

नुसते रिपोर्ट नकोत. मूळ डागाचे आणि गाठीचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले ऊतीचे तुकडे) आणि काचा (स्लाइड), दोन्ही. ब्लॉक पॅथॉलॉजी लॅबकडे असतात आणि लेखी अर्ज केल्यावर मिळतात. जाडी आणि जनुकीय बदल त्यांच्यावरच पुन्हा तपासतात. पेट-सीटीची सीडी, मेंदूचा एमआरआय झाला असेल तर तोही, आणि आधीच्या ऑपरेशनच्या नोट्स. फक्त डिस्चार्ज कार्डावर "गाठ काढली" एवढंच असतं, कुठली आणि कशी हे ऑपरेशन नोटमध्ये असतं. मूळ डागाचा कापण्याआधी मोबाइलवर काढलेला फोटो असेल तर तो डिलीट करू नका.